वाढवून दिलेला एक मार्क

...आणि वर मला शून्य! अहो, तुम्हीच सांगा, पन्नास वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसासमोर खोक्याचं चित्र ठेवायचं आणि म्हणायचं, "आजोबा, हे बघून तस्संच काढा"... मी काढलं की! चार बाजू, तळ, झाकण, सगळे तुकडे सुटे बेतून, शिलाईला अर्धा इंच माया सोडून! शिवलं असतं तर खोकं उभं राहिलं असतं! डॉक्टरीणबाई म्हणतात, "चुकलं." चुकलं? डोकं ठिकाणावर आहे म्हटलं माझं!

आता हे तपासणीचं खूळ आलं कुठून? तर एकदा, एकदाच हो, इस्त्री चालू राहिली आणि गिऱ्हाइकाची पँट करपली. झालं! चिरंजीवांनी दुकानाची किल्लीच काढून घेतली. "बाबा, विसरायला लागलात तुम्ही. डॉक्टर ठीक म्हणाल्या तरच किल्ली, नाहीतर दुकान बंद." दुकान बंद म्हणजे मी करायचं काय हो? भिंतीकडे बघत जांभया द्यायच्या? महिनाभरात मेलो असतो मी, खरंच सांगतो.

म्हणून गेलो. तर तिथे काय, "शंभरातून सात-सात वजा करत मागे या." मागे? बाई, कापड एकदा कापलं की मागे येता येतं का? "पेन्सिलीने घड्याळ काढा." दुसरीत शाळा सुटली तेव्हाच पेन्सिल सुटली, नंतर हातात आला तो खडू! तिसात पंधरा! चिरंजीवांचं तोंड एवढंसं झालं. बाईंना दया आली, म्हणाल्या, "शाळा कमी झालीय ना, एक मार्क वाढवून देते." सत्तरीत वाढीव मार्क! म्हटलं, भीक नको पण कुत्रं आवर! तुमच्या कोटाचा डावा खांदा पाऊण इंच उतरलाय, तो आधी बघा! आणि या चिरंजीवांच्या लग्नातल्या सुटाची मापं विचारा. कंबर तीस, बाही चोवीस, आता कंबर अडतीस आहे ते सोडा... दुसऱ्याच्या मापाचा सदरा मला चढवायचा आणि म्हणायचं माणूसच बेढब? डोकं ठिकाणावर आहे म्हटलं माझं!

बाईंनी खांद्याकडे बघितलं, मग कागदाकडे. म्हणाल्या, "आजोबा, पुढच्या आठवड्यात या. लिहिणं-वाचणं लागत नाही अशी दुसरी तपासणी आहे, ती करू." गेलो. गोष्ट ऐकून परत सांगा, झाकलेल्या वस्तू आठवा... दोनच चुका! बाईंनी लिहून दिलं, वयाच्या मानाने उत्तम. किल्ली परत!

आणि आता? आता घरात कुणी म्हणून काही लक्षात ठेवत नाही! "बाबा, सिलिंडर कधी लावला?" "बाबा, विजेचं बिल भरलं का?" "बाबा, माझा चष्मा?" सूनबाई तर आतूनच ओरडते, "बाबांना विचारा, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनीच लिहून दिलंय!"

तुम्हाला सांगतो, तिथे आणखी चार चुका केल्या असत्या ना... छे, छे, किल्ली गेली असती! आता काय, विसरायचीसुद्धा सोय राहिली नाही मला.