कोरडं पाहिजे, भगवान!

वास येणारच ना हो! बदकं आहेत ती, उदबत्त्या आहेत का? तुम्हाला सांगतो, बावीस बदकं आणि दोन हंस, हंस म्हणजे चित्रात सरस्वतीच्या पायाशी बसतात ते नव्हेत, पोटरीला चावतात ते, एवढं खटलं आमच्या भगवाननं पनवेलजवळ विचुंब्याला घरामागे पाळलं होतं, आणि बदकाचं असं आहे की ते खातं त्याच्या दुप्पट पितं, पितं त्याच्या दुप्पट सांडतं, आणि उरलेलं... जाऊ द्या, तुमची जेवणाची वेळ असेल. पातळ असतं एवढंच सांगतो. कोंबडीचं झटकता तरी येतं, बदक सारवून ठेवतं.

आता हा भगवान कोण? माझा बालमित्र. माझी गावात भाताची गिरणी, त्याची चार एकर भाताची खाचरं. खाचरं नव्या शहरात गेली, बांधासकट. त्यावर आता चार माळ्यांची सोसायटी उभी आहे, लिफ्ट आहे म्हणे, चालत नाही. पण पन्नाशीचा धडधाकट माणूस, त्यानं सकाळी उठून जायचं कुठे? दोन वर्षं हा पहाटे उठायचा, कोयता घ्यायचा, अंगणात उभा राहायचा आणि कोयता परत खुंटीला लावायचा. मी बघितलंय या डोळ्यांनी. मग कुठून तरी ही बदकं आणली आणि माणूस हलायला लागला. मला म्हणाला, "पाटे वराडतान ना, मंग उटावंच लागतं." बास, एवढ्यासाठी होती हो बदकं! त्याला उठावं लागावं म्हणून!

आणि सोसायटीला वास यायला लागला. त्याच्याच खाचरावर राहायचं आणि त्याच्याच परसाचा वास येतो म्हणायचं... पण बोलणार कोण? सेक्रेटरी शशिकला मॅडम, दादरहून आलेल्या, बँकेत नोकरीला, बोलायला अगदी साखर. "भगवानराव, आम्हाला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही हो, पण लहान मुलं आहेत, हायजीन आहे..." म्हणजे प्रॉब्लेम आहे. शेवटी ठरलं असं की शिमग्यानंतरच्या रविवारी कमिटी येऊन बघणार, वास नसला तर बदकं राहतील, असला तर वर अर्ज जाणार आणि बदकं हलवायची. भगवाननं मान डोलावली. हा माणूस जमीन जातानाही मानच डोलवत होता.

मग गेला गुरांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर नाकात बोलणारा, पण हुशार. त्याचं एकच म्हणणं, कोरडं पाहिजे, भगवान, कोरडं! खाली वीतभर तूस पसर, रोज वरून मूठमूठ नवीन टाक, दाताळ्यानं खालीवर कर, पाण्याची भांडी बाहेर ठेव, आणि जुनं काढू नकोस, अजिबात काढू नकोस, ते आतल्या आत कुजून जिरतं, वास येत नाही. आणि परीक्षा काय? मूठभर घ्यायचं, दाबायचं. भुगा झाला तर पास, लाडू झाला तर नापास. हे ऐकल्यापासून मी लाडू खाल्लेला नाही, तुम्हाला सांगतो.

आता तूस आणायचं कुठून? माझ्या गिरणीतून! पण गिरणीत भात येईल तर तूस निघेल ना? विचुंब्याचं भात गेलं, शेजारच्या ओवे गावाचं चाललंय, सगळीकडे प्लॉट पडले. भाताच्या गावात बदकाला बसायला तूस नाही, आहे का गंमत? दिवाळीनंतर जी काय चार पोती निघाली ती दिली. मग हा लाकडाच्या वखारीतून भुसा आणायला लागला, मग चिरनेरहून एस्टीच्या टपावर पोती टाकून तूस आणायला लागला. कंडक्टर विचारायचा, काका, यात काय? तर हा म्हणायचा, अंथरूण. कोणाचं, ते सांगायचा नाही.

इतकं करून रोज सकाळी मूठ दाबली की लाडू! पाण्याची भांडी पार कुंपणापलीकडे नेली, लाडू. छपरावर प्लास्टिक टाकलं, लाडू. हंसांवर संशय घेऊन त्यांना वेगळं बांधलं, त्यांनी याची पोटरी फोडली, आणि तरी लाडू. कोरडं पाहिजे, भगवान, कोरडं! अरे पण होतंय कुठे? माणूस खंगला हो. एका पहाटे भगवान लवकर उठून बघतो तर काय, त्याची बायको, भामावहिनी, हातात शेणाच्या पाण्याची बादली, अंगणात सडा घालता घालता सरळ बदकांच्या खोपटात शिरली आणि तिथेही घातला. लग्न झाल्यापासून रोज दारात सडा घालणारी बाई, तिला घाण दिसली की हात कसा थांबणार? त्या दिवशी भगवान पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. वहिनीनं देवाशपथ सांगितलं की खोपटात पाऊल टाकणार नाही.

आणि नाही टाकलं! सहा आठवडे! तुम्हाला सांगतो, काय खोपट झालं होतं ते... मी स्वतः आत उभं राहून चहा प्यायलो. मूठ दाबली की बोटांतून भुगा खाली. भगवान तो भुगा हातावर घेऊन मला दाखवायचा, पूर्वी नव्या भाताचा दाणा दाखवायचा तसा. बदकं राहणार हे त्यानं मनाशी धरलं होतं. मीही धरलं होतं.

रविवार उजाडला. वहिनी म्हणाली, मोठी माणसं यायची, जरा पनवेलातून बिस्किटं आणि चिवडा आणा. हा गेला. रिक्षा मिळाली नाही, यायला दोन तास लागले. आणि या दोन तासांत वहिनीनं शेजारच्या हौसाला हाक मारली, दोघींनी पदर खोचले, घमेली घेतली, आणि चार महिन्यांचं जिरवलेलं सगळं तूस तळापासून उकरून खोपटामागे ओतलं! जमीन धुतली! शेणानं सारवली! वर रांगोळी घातली, मोराची, आणि बदकं परत आत सोडली. आता जे चार महिने आत दबलं होतं ते उघड्यावर पडल्यावर काय दरवळलं असेल ते मी सांगत नाही. कमिटी फाटकाशीच थांबली. शशिकला मॅडम नाकाला रुमाल लावून दोन पावलं आत आल्या, मोर बघितला, मोरावर फिरणारी बदकं बघितली, आणि परत फिरल्या. भगवान चिवड्याचा पुडा घेऊन उभा.

वहिनी त्याला एवढंच म्हणाली, "मानसं दारात येनार, आन तुमी त्यांना चार म्हयन्यांचा गू दाखवनार व्हता?"

तिनं त्याची अब्रू राखायलाच केलं होतं हो. तो आत गेला आणि तिच्यासमोर बिस्किटं ठेवली. आठवडाभरात बदकं आणि हंस चिरनेरच्या एका माणसाला देऊन आला. आता पहाटे कोणी ओरडत नाही. उठतो तो, सवय आहे, आणि अंगणात उभा राहतो.

पुढल्या महिन्यात सोसायटीचा सत्यनारायण. शशिकला मॅडम स्वतः दारात आल्या. "वहिनी, त्या दिवशी मोर इतका सुंदर होता ना, आमच्या पूजेला घालाल का?" वहिनी लाजून लाल. नवी साडी नेसून निघाली, आणि मागून भगवान, एका हातात रांगोळीचा डबा, दुसऱ्या हातात बादली. मीही गेलो, प्रसाद होता. इमारतीखाली, जिथे गाड्या लावतात ना, ते भगवानचं वरचं खाचर. वहिनीनं खाली बघितलं, गुळगुळीत लादी. सहा आठवडे शपथ पाळलेली बाई, आता विचारल्याशिवाय पाणी शिंपत नाही.

"अवो," ती म्हणाली, "आदी सडा घालू का?"

भगवाननं बादली खाली ठेवली.

"घाल," तो म्हणाला. "हितं आता आपलं काय हाय भिजायला?"