थंडीतला चाफा

मंडळी, आपण सगळे आलात. सोसायटीचा हॉल लहान पडला. मला बोलता येत नाही. आमच्या घरात ते खातं शैलाकडे होतं. पण नवरा म्हणून आज मला उभं राहायला हवं.

आमचा निखिल हिंजवडीला नोकरीला लागला, तेव्हा ही संध्याकाळी कोथरूडच्या गॅलरीत उभी राहून कंपनीच्या बसची वाट बघायची. मग कंपनीने त्याला इंग्लंडला पाठवलं. तिथे बारा महिने गारठा आणि पाऊस. हिने बरोबर काय द्यावं? खालच्या चाफ्याची फांदी. त्याने पोचल्या पोचल्या ती मातीत खोचली आणि रोज पाणी घातलं. फांदी कुजली. हिने फोनवर झापलं, "अरे, आधी चीक सुकू द्यायचा. आठवडाभर कोरडी ठेवायची. चाफा लाडाने मरतो."

दुसरी फांदी जगली. उन्हाळ्यात कुंडी बाहेर, गारठा वाढला की आत, हीटरच्या खोलीत. उन्हाळाभर त्याचे फोन यायचे. पाणी किती घालू, पानं पिवळी का पडली, ही कळी आहे का. थंडीत मात्र चाफा पानं गाळून झोपतो. त्याला पाणी नको, खत नको. मग निखिलचा फोनही नसायचा. थंडीतले रविवार फार लांब असायचे, मंडळी. फार लांब.

मग एका वर्षी हिने त्याला बजावलं, दर रविवारी अंगठ्याने खोड दाबून बघायचं. मऊ लागलं तर आतून कुजतंय. घट्ट असो, मऊ असो, मला कळवायचं.

मी म्हटलं, "अगं, दर आठवड्याला कशाला? महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे की."

म्हणाली, "चाफ्याला पुरे. मला नाही."

निखिल समोर बसलाय. त्याला हे आत्ताच कळतंय. परवा त्याचं विमान आहे.

रविवारी फोन मीच उचलायचो. तो म्हणायचा, "बाबा, आईला द्या." मी द्यायचो. त्याचं काही चुकलं नाही. मला झाडातलं काय कळतं? पण आता फोन आला, तर मी तो कुणाला देऊ?

निखिल, खोड दाबून बघत जा. घट्ट लागलं तरी कळव. मी ऐकेन.

मंडळी, आता शैलासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. आणि नंतर लगेच निघू नका. थोडं बसा.