न्हाणीतलं गोमुख

तुमी कुणाकुणाचे हट्ट काय सांगायलाव, आमच्या आत्याचा ऐका. सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. वालूरकडं आमच्या गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ हाय. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडायचं ते दगडी गोमुख कधीच गायब झालेलं, आन तिथं प्लास्टिकचा पाइप ठोकलेला. आत्या म्हणायची, "देवाला सलाईन लावल्यावानी दिसायलंय. गोमुख शोधल्याबिगर मी गप बसणार न्हाई."

आन सापडलं बी! शेजारच्या माणिकदादाच्या न्हाणीत. पडलेलं गोमुख त्याच्या आज्यानं उचलून आणून न्हाणीच्या मोरीला बसवलेलं.

माणिकदादा म्हणला, "आज्यानं बसवलेलं मी काढणार न्हाई."

"नको काढू," आत्या म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या त्याच्या दारात. आधी न्हाणी घासून लख्ख केली, मग कळशीतलं अभिषेकाचं पाणी त्या गोमुखातून सोडलं. "गोमुख देवाकडं येत न्हाई ना? मग तीर्थ गोमुखाकडं येईल." रोज हेच. श्रावणातल्या सोमवारी तर बायांची रांग लागली. आता तीर्थाच्या जागी माणसानं साबण कसा लावावा? माणिकदादा टॉवेल गुंडाळून अंगणात नुसता येरझारा घालायलाय.

शेवटी लय भडकला. पहारीनं गोमुख उपसलं, हातगाड्यावर घालून देवळात आणलं. "घे आत्या तुझं गोमुख! आता तरी न्हाऊ दे मला!"

आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बिनआंघोळीचा देवळात आलास व्हय रे? जा, आधी आंघोळ करून ये."