डावा कौल

गाडी वेळेवर आली असती, तर कट्टा गावच्या थांब्यावर माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघी शेजारणींचं बोलणं मला ऐकू आलं नसतं.

"शेवंते, तुझो आजारी घोव बरो होतलो काय म्हणान देवाक कौल लावलंस मा गो? खंयच्या बाजूचा फूल पडला?"

"डाव्या."

"म्हणजे देव नाय म्हणालो."

"होय. अगदी तोंडार."

"आणि तरी त्याकाच फुला घेवन चललंस?"

"डॉक्टर मान वर करणा नाय. दीर पत्राक जबाब देणा नाय. इचारल्यार बोललो तो देवच. तो आसा, ह्या माका तेवाच पटला."

"मगे आज काय मागतलंस?"

"कायच नाय. माका नाय म्हणूचा लागला, त्याकाव बरा वाटूक नसतला. वायच बसतंय त्याच्याकडे."