डाव्या हाताची मूठ

वहिनी : तुम्ही चाकू करण्याआधी हाताचं चित्र मागता ना, म्हणून काढूनच आणलंय. पेन्सिल बोटांभोवतीनं फिरवून.

दीर : उजवा हात आहे, वहिनी.

वहिनी : ह्यांचा आहे. उजवाच असणार. जन्मभर झाडांची कलमं त्याच हातानं केली.

दीर : रेघ सुरेख आलीय. कुठेच हललेली नाही.

वहिनी : काल दुपारी झोपले होते. हात पांघरुणाबाहेर होता, अलगद खाली कागद सरकवला. पत्ताही लागला नाही.

दीर : बसा ना. त्या स्टुलावर नको, चामड्याचा गोंद सांडलाय. कपड्यांना लागला तर निघत नाही.

वहिनी : तुमच्या या गॅरेजात बसायला जागा ठेवलीय कुठे? गाडी बाहेर उन्हात आणि चाकू आत सावलीत. जाऊबाई बोलते ते खोटं नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी येऊन चाकू घासायचे.

दीर : कवळीबद्दल रोज कुणीतरी कुरकुरतं. चाकूबद्दल अजून कुणाची तक्रार नाही.

वहिनी : फुकट वाटता, कोण तक्रार करेल? बरं, ऐका. ह्यांच्या वाढदिवसाला कलमाचा चाकू द्यायचं तुम्ही कबूल केलं होतं. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि तुम्ही विषयच सोडून दिलात. तुम्हाला संकोच वाटला असेल, ते मी समजू शकते. पण तो करा. ठरला होता तसाच, उजव्या हाताचा. समोर दिसला की हात चालवायची उमेद येईल. हल्ली व्यायामाची टाळाटाळ करतात.

दीर : कलमाचा चाकू आणि भाजीची सुरी, यात फरक असतो, वहिनी. सुरीला दोन्हीकडून उतार असतो, ती कुठल्याही हातात चालते. याला एकाच बाजूनं असतो. दुसरी बाजू सपाट ठेवायची, ती कलमाच्या काडीला टेकते, म्हणून काप सरळ येतो. उजव्याचा चाकू डाव्या हातात धरला तर तो आत रुततो. काडी वाया जाते.

वहिनी : म्हणून तर आले. पातं घासायच्या आधी सांगावं म्हणून.

दीर : घासून झालंय.

वहिनी : कुठल्या बाजूनं?

दीर : चहा टाकायला सांगू का?

वहिनी : भाऊजी.

दीर : डाव्या हाताचं आहे.

वहिनी : कुणाला विचारून?

दीर : आधी बसून घ्या.

वहिनी : बसायला नाही आले मी. अहो, डॉक्टरसुद्धा अजून नाही म्हणालेले नाहीत. बघू म्हणालेत. आणि तुम्ही इथे घरबसल्या निकाल लावून मोकळे झालात? तो चाकू हातात आल्यावर ह्यांना काय वाटेल? सख्ख्या भावानंसुद्धा आशा सोडली, हेच ना? पुन्हा घासा तो. दुसऱ्या बाजूनं.

दीर : घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही.

वहिनी : मग दुसरा करा.

दीर : करता येईल. पात्यासाठी जुन्या कानशी पुष्कळ पडल्यात. तुम्ही म्हणालात तर आजच करायला घेतो.

वहिनी : घ्या. आणि हा गुलाबी गोळा कसला? खेळणं आहे का कुणाचं?

दीर : दातांचा ठसा घ्यायचा मसाला आहे. मी मुठीसाठी वापरतो. माणसानं आवळला की बोटं उमटतात आणि घट्ट होतो. मग तसं लाकूड कोरायचं. कागदावरच्या चित्रापेक्षा हे बरं पडतं.

वहिनी : याची करंगळी वाकडी आहे.

दीर : हो.

वहिनी : ह्यांची डावी करंगळी अशीच आहे. दारात चेमटली होती, लग्नाच्या आधी.

दीर : मीच लावलं होतं ते दार.

वहिनी : हे इथे आले होते?

दीर : मागच्या आठवड्यात. तुम्हाला फिरायला जातो म्हणून सांगून. आला, या स्टुलावर बसला आणि म्हणाला, आवळायला काहीतरी दे.

(वहिनी गोळ्यात स्वतःची बोटं बसवून पाहते. बसत नाहीत.)

वहिनी : मला रोज सांगतात, आज अंगठा हलल्यासारखा वाटला.

दीर : तुम्ही रोज विचारता.

वहिनी : म्हणजे हलत नाही?

दीर : नाही. मी सरळच विचारलं त्याला. म्हणाला, ती सकाळी चहा देताना विचारते, नाही म्हटलं तर तिचा सबंध दिवस नासतो.

वहिनी : आणि काल? काल तर झोपले होते.

दीर : काल संध्याकाळी फोन आला होता. तुझी वहिनी कागद घेऊन येईल, काही बोलू नकोस म्हणाला. म्हणाला, ती एवढी जपून पेन्सिल फिरवत होती, की मला घोरायचं सोंग करावं लागलं. हसू दाबताना पुरेवाट झाली म्हणे.

वहिनी : हसू?

दीर : तो म्हणाला तसं सांगतोय. आता सगळी कामं डाव्या हातचा मळ, असंही म्हणाला.

वहिनी : शोभतं हे त्यांना. मला वाईट वाटतंय, भाऊजी. खोटं बोलले म्हणून नाही. हे सगळं एकट्यानं ठरवून बसले म्हणून.

दीर : मला बोलू नकोस म्हणाला होता. बोललो मी.

वहिनी : बरं केलंत. दुसरा चाकू राहू द्या.

दीर : बरं.

वहिनी : हे चामडं त्याच्याच म्यानाचं?

दीर : हो, शिवायचंय अजून. डाव्या कमरेला बसेल असं. एका हातानं चाकू काढता आला पाहिजे आणि त्याच हातानं परत घालता आला पाहिजे, म्हणून तोंड जरा रुंद ठेवलंय.

वहिनी : पण कलम एका हातानं होतं का? मी इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. एका हातात फांदी, एका हातात चाकू.

दीर : तेच मी विचारलं.

वहिनी : मग?

दीर : मग म्हणाला, फांदी ती धरेल. पण धर म्हणायचं, तर आधी हात गेला म्हणून सांगावं लागेल.

वहिनी : मला कधी रोपांना हात लावू दिला नाही त्यांनी. तू पाणीच जास्त घालतेस म्हणायचे. मीही म्हटलं, राहिलं.

दीर : ते खरंच आहे. पाणी जास्त घालता तुम्ही.

वहिनी : तुमच्याकडे एखादी फांदी आहे का?

दीर : कुंपण छाटलंय सकाळीच. ही घ्या.

वहिनी : आता कशी धरायची ते दाखवा.

दीर : दोन्ही हातांनी. जिथे कापायचं, त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. अंगठे वर नको. हां, असं.

वहिनी : घट्ट?

दीर : चांगली घट्ट. फांदी हलली तर बोट कापेल.

वहिनी : कुणाचं?

दीर : तुमचं.

वहिनी : मग ठीक आहे.