शेताचा आठवडा

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घ चुकतं, कुणाच्या हाती हे पडलंच तर माफ करा. चौथीनंतर पेन्सिल हातात धरली ती थेट मी सांभाळते त्या इरासोबत, तिच्या रेघा गिरवायच्या कागदांवर. हे लिहितेय तेही त्याच कागदांच्या पाठीवर, मॅडम दर आठवड्याला गठ्ठा छापून आणतात आणि एक बाजू झाली की फेकायला सांगतात. मला तोंडानं बोलता येत नाही. कुणी आवाज चढवला की माझी जीभच हलत नाही, मग खोलीवर येऊन भांडी घासताना सगळी उत्तरं सुचतात. ती कुठंतरी ठेवावी म्हणून लिहिते.

मी सुरगाण्याकडची. पाड्यावर शाळा चौथीपर्यंतच, पुढं घाट उतरायचा, आणि आईबाप दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला निफाडकडे जायचे तर मीही गेले, तिथंच शाळा संपली. भाताची आवणी मात्र सहाव्या वर्षापासून केली. राबातली, म्हणजे पालापाचोळा भाजून केलेल्या वाफ्यातली, रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या, गुडघाभर चिखलात वाकून तीन तीन काड्या खोचत उलट्या पावलांनी मागं यायचं. पुढं चालत लावली तर रोपं आपल्याच पायाखाली जातात, हे मला कुणी छापून दिलं नव्हतं. नवरा गेला, मुलगी पाड्यावरच दिली, तिला चार वर्षांची पोर आहे, चंदा. मी नाशकात पेठ रोडला खोली करून राहते आणि गंगापूर रोडला सातव्या मजल्यावर इराला सांभाळते. इराही चारचीच.

मॅडमला ऑफिसचं काम, आणि दुसरं काम फोनवरचं. मुलांना घरच्या घरी खेळवत कसं शिकवायचं याचे फोटो आणि व्हिडिओ टाकतात, लय बाया बघतात म्हणे. दर आठवड्याला एक विषय. रंगांचा आठवडा, गाड्यांचा, बियांचा. सोमवारी फ्रिजवर कागद चिकटतो आणि त्या लिफ्टमध्ये शिरता शिरता सांगतात, मावशी, कागद वाचून करा हं, वाचता येतं ना तुम्हाला? हे दर सोमवारी विचारतात. दोन वर्षं झाली, अजून विचारतात. रविवारी इराला धुतलेला फ्रॉक घालून अर्धा तास शेजारी बसतात, तेवढ्याचे फोटो काढतात. बाकी सहा दिवस गुडघे माझे झिजतात.

मग शेताचा आठवडा आला. त्यासाठी खोका मागवला, लाकडी. आत एक पाटी, तिला भोकं, भोकात कापडाची गाजरं, ती मुलानं उपटायची. दोन लाकडी बैल, एक गाय, लाल छपराचं घर. कागदावर पहिलंच वाक्य, मुलाला शेताचा अनुभव द्या.

मी दिला.

इरानं एका मिनिटात सगळी गाजरं उपटली आणि म्हणाली, संपलं शेत? मला हसू आलं. म्हटलं, बाळा, आधी लावलंच नाही तर उपटतेस काय? बियांच्या आठवड्यात आम्ही कुंडीत गहू टाकला होता, तो बोटभर वर आला होता. बाल्कनीत खोका ठेवला, कुंडीतली माती घातली, पाणी घातलं, बैल जुंपले आणि चिखल केला. राब भाजायचा तेवढा सोडून दिला, सातव्या मजल्यावर धूर करायचा नाही एवढी अक्कल मला आहे. गव्हाच्या जुड्या बांधल्या. इरा फ्रॉक खोचून वाकली, एक दोन तीन, एक दोन तीन, मागं सर. वीसच्या पुढं ती कधी मोजत नव्हती, त्या दिवशी एकेक जुडी मोजत एकोणतीसपर्यंत गेली. पुढं म्हणाली, आता आपण दमलो, भाकरी दे. मी भाकरी दिली, चिखलाच्या हातानं खाल्ली.

तेवढ्यात मॅडम लवकर आल्या. दारात थांबल्या, पर्समधून फोन काढला, चार-पाच फोटो काढले. आणि मग ओरडल्या. अहो हे काय केलंत, साडेतीन हजारांचा खोका आहे हा, साडेतीन हजार! तुमच्याकडे असतं तसं इथं चालत नाही मावशी, चिखल म्हणजे जंतू. इरा म्हणाली, मम्मा, उलटं चालायचं, पाय पडेल! मॅडमनी तिला उचलून बाथरूममध्ये नेलं. फोटो मला वाटलं साहेबांना दाखवायला, पुरावा म्हणून. लाकूड फुगलं, खोक्यावर चिकटवलेली चित्रं सुटली. साहेब म्हणाले, जाऊ दे ना. त्या म्हणाल्या, जाऊ दे कसं, जबाबदारी नको का? महिना पाचशे कापायचे ठरलं, सात महिने. मी मान हलवली. काम सोडून जाता आलं असतं, पण मोडून पळाली असं कुणी माझ्यामागं म्हणू नये एवढंच मला हवं होतं.

दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावर काम करणारी सुमन लिफ्टपाशी भेटली, फोन पुढं करून म्हणाली, अगं, हे हात तुझेच ना? बघते तर बाल्कनी, खोका, चिखलात इरा, आणि तिच्या शेजारी माझे दोन हात, मनगटावर माझं गोंदण. फोटोतून माझं तोंड कापून टाकलं होतं. सुमननं वाचून दाखवलं, आज आम्ही मायलेकींनी घरातच भात लावला, मुलांना मातीत खेळू द्या. खाली बायांनी लिहिलं होतं, किती छान कल्पना तुमची. सुमन म्हणाली, अगं बोल की तिला! काय सांगू तुम्हाला, वर गेले आणि इराचं दूध गरम केलं. पण त्या दिवसापासून मॅडम चांगलं बोलल्या तरी मला ते सोसत नाही. तुम्ही किती करता मावशी म्हणतात तेव्हा मी पाठ करून भांडी घासायला घेते.

काल सातवा हप्ता कापला. पगार देताना म्हणाल्या, चला, तुमचं फिटलं एकदाचं. मी पायपुसण्यावर उभी होते. म्हटलं, सगळे फिटले? म्हणाल्या, हो, पूर्ण. म्हटलं, मग खोका मी नेते. हसल्या त्या. अहो, तो फुगलेला खोका नेऊन काय करणार? आणि परवा मला लागणार आहे, बाया परत शेताचा आठवडा मागताहेत, त्या मातीच्या डागांनी छान गावाकडचं वाटतं. मी म्हटलं, मॅडम, किंमत मी दिली. एवढंच म्हटलं आणि खोका उचलला. तोंड लाल झालं त्यांचं. म्हणाल्या, कमालच आहे तुमची, इतकं करूनही. काय केलं होतं ते बोलल्या नाहीत.

इरा मागं पळत आली, बैल कुठं चालले? म्हटलं, माझ्या गावाला, तिथं चंदा आहे तुझ्याएवढी. मग परत येताना भात आणतील का, म्हणाली. आणतील, म्हटलं. देव त्या पोरीला सुखी ठेवो, तिच्यावर माझा राग नाही. तिच्या आईनं उद्या मला दारात घ्यायचं की नाही ते तिनं ठरवावं.

खोका इथं कॉटखाली आहे. पैसे सगळे दिले.