लांब देठाचं वांगं

—नाही अक्का, हे नको, ह्याचं तोंड बघ, माझ्या सासऱ्यासारखं फुगलंय—मला बाई पाहिजे. हसू नको! भरतालाच न्यायचं असतं तर डोळे मिटून उचललं असतं. भिकुबाई, तुझ्या ह्या वांग्यांच्या ढिगात अख्खं बोदवड गाव बसलंय, त्यातून मला जीपभर माणसं निवडायचीत. हे जाडं—हा वना ड्रायव्हर. देठाची टोपी आहेच डोक्यावर. झकास!

वेड लागलंय म्हणतेस? लागलंच होतं, आता उतरतंय. ऐक—पुठ्ठ्याची काळीपिवळी जीप केलीय मी, टेबलावर भुशाचा घाट रचलाय. वांगी बसवायची, जीप जराशी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची, परत फोटो—मग सगळे फोटो भरभर पळवले की जीप आपोआप चालते, वना मान डोलावतो! लग्नांचं शूटिंग करण्यात जन्म गेला माझा, पण एक नवरदेव इतकं ऐकेल तर शपथ. आणि मागच्या बाजारानंतर काय झालं—मेघावहिनीने माझी सगळी मंडळी उचलली आणि कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून भाजली. ड्रायव्हरसकट! मी घर डोक्यावर घेतलं—आणि मग जेवलो. खोटं कशाला बोलू, चव होती.

डॉक्टरीणबाई? जळगावच्या? त्या म्हणायच्या, बोला, मन मोकळं करा. काय बोलू? बोलायचं ते पेपरवाले बोलले की—‘जीप दरीत, एक महिला ठार.’ नाव नाही! पुढाऱ्याच्या कुत्र्याला ताप आला तर नावासकट छापतील, आणि माझ्या दिपमालाचं—म्हणजे त्या बाईचं—जाऊ दे. लग्न उरकून परत येत होतो. मी पुढे, वनाशेजारी, मांडीवर कॅमेरा. ती मागे, खिडकीशी. मान उंच करून बाहेर बघायची सवय, म्हणून तिला लांब देठाचं लागतं. आणि वांगं दोन-चार दिवसांत सुरकुततं गं—ती कुठे सुरकुतली होती? म्हणून दर बाजारी नवं.

पुढे काय होतं? काय होणार, वळण येतं. तिथे वना जीप थांबवतो, सगळे उतरून चहा पितात. कधी जीप उडत जाऊन केळीच्या बागेत उतरते. एकदा तर वना रुसून माघारीच फिरला! सिनेमा केव्हाच संपला असता अक्का—पण जीप वळणच घेत नाही. कोण सरकवतं ती, विचारू नको. आज मात्र घेणार. त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा रिक्षात बसून आलो मी, पायी नाही—बघितलंस ना?

हे! हेच. पिशवीत कोंबू नको, हातात धरून नेतो.

पुढच्या बाजारी? पुढच्या बाजारी मी कशाला येतोय, सिनेमा आज संपतोय म्हटलं ना! वहिनी आली तर तिला दे काय ती भरताची—

अक्का. लांब देठाचं एक बाजूला काढून ठेव. एकच. माझ्या तोंडाकडे काय बघतेस—ते गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे, त्याला दे ना!